हमदम अकांची नजर

हिवाळ्यात हमदम अकांना, म्हणजे आमच्या हमदमदादांना, लांबून ओळखणं फार सोपं. पोट पुढे आलेलं, दोन्ही हात पोटावर, आणि चाल अशी की सातवा महिना लागलाय. एरवी माणूस खारकेसारखा वाळका. पण चापानाच्या, म्हणजे लांब रुईभरल्या कोटाच्या, आत, बनियनला चिकटून, पाण्यानं भरलेली पिशवी असते आणि पिशवीत मासे. फर्गानाच्या बाजारातून आमच्या मार्गिलानपर्यंत डिसेंबरात मासे जिवंत आणायचे तर त्यांना पोटाशीच धरावं लागतं. बसमध्ये बायका उठून त्यांना जागा देतात, असं लोक म्हणतात. अका ते साफ नाकारतात. मात्र उभ्यानं प्रवास करून आलेले अका मी तरी पाहिलेले नाहीत.

बावीस वर्षं ते टेलिफोनचे लाइनमन होते. खांबावर चढायचे, तारेला कान लावायचे आणि बिघाड कुठल्या गल्लीत आहे ते वरूनच ओरडून सांगायचे. मग मोबाइल आले, तारा लोंबकळत राहिल्या आणि अका खाली उतरले. मी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा ते काउंटरवर हात टेकून म्हणाले होते, "छान केलंस ओदिल. माझी नोकरी ज्यानं खाल्ली, त्याचे दात आता तू घासणार."

घरी त्यांच्याकडे सतरा टाक्या आहेत. त्यांच्या बायकोनं फार पूर्वीच एक खोली त्यांच्या नावे करून टाकली, मासे आणि ते एकीकडे, ती आणि टीव्ही दुसरीकडे. रविवारी बाजारात मासे विकायचे आणि आठवडाभर विकलेल्या माशांची तब्येत बघत फिरायचं, असा त्यांचा क्रम. तब्येत बघण्याचे पैसे ते घेत नाहीत. फक्त जेवतात. आजार साधा असेल तर चहा-नानवर भागतं. निदान अवघड असेल तर पिलाव लागतो. मोहल्ल्यातल्या बायकांचं म्हणणं असं की चुलीवर कढई चढल्याशिवाय अकांना निदान सुचतच नाही. तांदूळ शिजत आला की आजारही सापडतो. तपासण्याची त्यांची पद्धतही खास. टाकीतलं चमचाभर पाणी तोंडात घ्यायचं, डोळे मिटून घोळवायचं आणि मग थुंकायचं की गिळायचं ते ठरवायचं. गिळलं तर पाणी चांगलं.

आमच्या घरात टाकी आली ती आईच्या रक्तदाबामुळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज थोडा वेळ शांत बसून पोहणारे मासे बघत जा. आई, म्हणजे सगळ्यांची मुकद्दस ओपा, मुकद्दसताई, शांत बसते ही कल्पनाच मोहल्ल्याला नवी होती. पण मी टाकी घेतली आणि अकांनी पोटाशी धरून दहा मासे आणले. चार चपटे, रुपेरी, काळ्या पट्ट्यांचे. सहा लाल, शेपटीला तलवार असलेले. पाहुण्यांच्या खोलीत, रजयांच्या चळतीशेजारी, मोठ्या पेटाऱ्यावर टाकी बसली. अकांनी दिवा लावला, मागच्या फळीवर हवेचा पंप ठेवला, नळी खाली सोडली. बुडबुडे वर येऊ लागले. आईनं तासाभरात सगळ्यांना नावंही दिली. रुपेऱ्यांमधला जो सर्वांत लठ्ठ होता आणि दुसऱ्यांचं खाणं हिसकावून मग कोपऱ्यात जाऊन तोऱ्यात उभा राहायचा, तो हाकीम, म्हणजे आमच्याकडचा कलेक्टर.

जाता जाता अका टाकीशी वाकले. त्यांचं नाक काचेला लागलं.

"वा! काय देखणा दिसतोय हा लठ्ठ्या!" ते म्हणाले आणि चापान झटकून निघून गेले.

आई दाराकडे बघत राहिली. "ऐकलंस?"

"काय?"

"कौतुक केलं, पण नजर लागू नये म्हणून मोशाल्ला म्हणाला नाही."

मी म्हटलं, "अगं, स्वतःचाच माल आहे त्यांचा. स्वतःच्या मालाला कोण नजर लावतं?"

"विकला की माल त्याचा राहिला नाही," आई म्हणाली. "आणि हळहळ तर विकल्यावरच लागते."

 

पुढच्या शुक्रवारी सकाळी हाकीम पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून उभा होता. कल्ले भात्यासारखे हलत होते. लाल मासे पंख अंगाशी मिटून एका बाजूला कलले होते. मी अकांना फोन केला. ते आले, चमचा मागितला, पाणी घोळवलं आणि गिळलं.

"पाणी चांगलं आहे," ते जरा नाराजीनंच म्हणाले. वाईट असतं तर काम सोपं झालं असतं. "नळाचं पाणी थेट ओतलंत का, ओपा?"

"दोन दिवस बादलीत ठेवून ओतलं. तूच सांगितलं होतंस, हमदम."

आई त्यांच्या थोरल्या बहिणीची वर्गमैत्रीण. त्यामुळे अका साठीला आले तरी आईच्या लेखी ते अजून हमदमच आहेत, नाक पुसायला शिकवावा लागलेला.

अकांनी थोडं मीठ टाकलं, चहा घेतला आणि गेले. शनिवारी मासे जास्तच आडवे झाले. रविवारी जरा उठले, सोमवारी पळू लागले. अका म्हणाले, मिठानं काम केलं. मग पुन्हा शुक्रवार आला आणि हाकीम पुन्हा वर येऊन आ वासू लागला. अका आले, ओकची वाळकी पानं उकळून त्याचा काढा टाकला. शनिवारी दोन लाल मेले. सोमवारी उरलेले ठणठणीत झाले. अका म्हणाले, काढ्यानं काम केलं. मी म्हटलं, "अका, तुमची सगळी औषधं सोमवारीच का काम करतात?"

ते हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रकरण पिलावाच्या पुढे गेलंय.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नवीन डाव टाकला. म्हणाले, आजारी मासा बघून काय कळणार, धडधाकट असताना बघतो. म्हणून मंगळवारी आले. हाकीम तोऱ्यात होता. अका तासभर टाकीसमोर मांडी घालून बसले. खाणं बघितलं, पाण्यात तापमापी बुडवली, वास घेतला, आमच्या मांजरालाही संशयानं न्याहाळलं.

"गुरुवारी घरात काय होतं?" त्यांनी आईला विचारलं. "शुक्रवारी पडतात म्हणजे गुरुवारी काहीतरी घडत असणार."

"गुरुवारी?" आईनं आठवून पाहिलं. "काही नाही. नेहमीचंच. कणीक, झाडलोट, तंदूर."

"रंग, फिनेल, डासांचं औषध, अत्तर?"

"या वयात अत्तर कुणासाठी लावू?"

अका मान हलवत गेले. बुधवारी सकाळी मासे आडवे.

आता हे सरळ होतं. निदान आईला तरी ते आरशासारखं स्वच्छ दिसलं. शुक्रवारी मासे पडतात, अका येऊन जातात आणि शनिवारी जास्त पडतात. मंगळवारी अका येतात, बुधवारी पडतात. तिनं बोटांवर मोजून दाखवलं. मी टाळाटाळ केली, कारण मोजणी चुकलेली नव्हती.

"त्याच्या नजरेला भार आहे," आई म्हणाली. "मी काही त्याचा राग करत नाही. बिचाऱ्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. पण रविवारी गश्तक आपल्याकडे आहे. अठरा बायका येतील, टाकी बघतील, विचारतील. तोवर हाकीम उभा राहिला तर ठीक. नाही तर मला सांगावंच लागेल. लोकांच्या घरात तान्ही मुलं आहेत."

गश्तक म्हणजे आमच्याकडची बायकांची भिशी. महिन्यातून एकदा पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमायचं, पोटभर जेवायचं आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येकाची तब्येत काढायची. तिथे जे बोललं जातं ते संध्याकाळपर्यंत बाजारात पोचतं आणि मग पुसलं जात नाही. नजर लागते असं एकदा तिथे ठरलं की त्या माणसाकडून मासे सोडा, मुळेही कुणी घेणार नाही. लग्नात त्याला दाराजवळ बसवतील आणि बारशाला बोलावणारच नाहीत.

"आई, रविवारपर्यंत कुणाला बोलू नकोस," मी म्हटलं.

"मी कशाला बोलू? फक्त बशोरतला सांगितलंय."

बशोरत खोला, म्हणजे बशोरत मावशी, आमच्या शेजारी राहतात. त्यांना सांगणं म्हणजे मशिदीच्या भोंग्यावरून सांगण्यापेक्षा जरा हळू, एवढंच.

बुधवारी दुपारीच परिणाम दिसला. अका नानवाल्याच्या रांगेत उभे होते. पुढे बशोरत खोलांची तरुण सून, खांद्यावर बाळ. अकांनी सवयीनं बाळाला जीभ काढून दाखवली. सुनेनं मागे पाहिलं, बाळाची टोपी पार हनुवटीपर्यंत ओढली आणि नान न घेताच रांगेतून निघून गेली.

अका थेट माझ्या दुकानात आले. काउंटरवर दोन गरम नान ठेवले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"ओदिल, माझ्याकडे बघ. नीट बघ. डोळ्यांत काही दिसतं?"

"डाव्यात थोडी चिपडं आहेत, अका."

"चेष्टा नको. मलाही आता वाटायला लागलंय. मी गेलो की पडतात रे. खरंच पडतात." ते स्टुलावर बसले. "आज सकाळी तुमचे मासे पडल्याचं कळलं, तेव्हा मी माझ्या गप्पींच्या टाकीकडे तासभर टक लावून बसलो. वाईट वाईट विचार केले. म्हटलं, बघूया."

"मग?"

"त्यातल्या दोघी व्यायल्या. साठेक पिल्लं झाली."

मी हसू दाबलं. ते मात्र नानचा तुकडा मोडून हातातच धरून बसले होते. "माझ्या लेकीचे पुढच्या महिन्यात दिवस भरतायत," ते म्हणाले. "बारशात पाळण्याशी मला जाऊ देणार नाहीत, असं झालं तर? स्वतःच्या नातवाशी?"

आता मला हसू दाबावं लागलं नाही.

गुरुवारी सकाळीच ते घरी आले. कमरेचा रुमाल सोडून त्यांनी डोळ्यांवर बांधला होता, आणि दोन्ही हात पुढे करून आमच्या अंगणातून डाळिंबाच्या झाडाला धडकत चालले होते.

"हे काय सोंग?" आई ओट्यावरून ओरडली.

"सोंग नाही, ओपा. आज मी माशांकडे बघणारच नाही. इथे बसतो, टाकीशेजारी, दिवसभर. ओदिल मला सांगेल मासे काय करतायत. तुम्ही तुमचं काम करा. मी नाहीच असं समजा. आज न बघताही उद्या मासे पडले, तर दोष माझ्या नजरेचा नाही. नाही पडले, तर..." त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली. "तर मी मासे विकणं बंद करतो आणि रविवारी तुम्ही काय सांगायचं ते सांगा."

आईनं हातातला झाडू खाली ठेवला. मग म्हणाली, "पायातलं काढ. ओदिल, त्याला धरून आत ने, नाहीतर हंडीत पाय घालेल."

मी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. मोबाइल वाट बघतात, हे असलं दृश्य पुन्हा दिसत नाही.

अका रुमाल बांधून गादीवर बसले. मी त्यांना दर अर्ध्या तासाला बातमी द्यायचो.

"हाकीम काय करतोय?"

"एका लालला कोपऱ्यात दाबतोय."

"म्हणजे तब्येत उत्तम."

आईनं कणीक मळली, अंगण झाडलं, तंदूर पेटवला. अका प्रत्येक वेळी नाक वर करून वास घ्यायचे आणि मान हलवायचे. नाही, हे नाही. दुपारचं जेवण त्यांनी चाचपडतच केलं. गाजराचा एक तुकडा नाकाला लावला, पण मांसाचे तुकडे बोटांना बरोबर सापडत होते, हे मी नोंदवून ठेवतो.

तिसऱ्या प्रहरी आई आत आली. तिच्या हातात जुना लोखंडी तवा होता. तव्यात इसरीकची, म्हणजे धुरीच्या रानझुडपाची, वाळकी जुडी धुमसत होती. दर गुरुवारी आमच्या घरात, बशोरत खोलांच्या घरात, सगळ्यांच्याच घरात ती पेटते. धूर दारावर फिरवायचा, रजयांवर फिरवायचा, माणसांच्या डोक्याभोवती फिरवायचा, की घरावरची वाईट दृष्ट जळून जाते. कुणी विचारलं, आज काय केलंत, तर आपण सांगत नाही. श्वास घेतला हेही आपण सांगत नाही.

ज्याच्यावर संशय आहे त्याच्या तोंडावर मात्र कुणी इसरीक फिरवत नाही. भांडण होतं. म्हणून अका येऊन गेले की आई मागाहून पुन्हा पेटवायची. पण आज अकांचे डोळे बांधलेले होते. आईनं ओठांवर बोट ठेवून मला दटावलं आणि खुणेनं सांगितलं, त्याला कुठे दिसतंय!

मग ती चवड्यांवर आत आली. अकांच्या डोक्याभोवती तीनदा तवा फिरवला. अकांना खोकल्याची उबळ आली.

"ओपा, काही जळतंय का?"

"नाही रे. शेजारी बशोरत शेंगदाणे भाजत असेल."

"शेंगदाण्यांना इसरीकचा वास येतो?"

"बशोरतच्या हाताला येतो."

आई टाकीकडे सरकली. टाकी तिला सगळ्यांत मोलाची, म्हणून तिच्यावर सात वेळा तवा फिरवला. मग धुमसता तवा नेहमीप्रमाणे, आगीचा धोका नको म्हणून, टाकीमागच्या लाकडी फळीवर एका विटेवर ठेवला, की शेवटचं पान जळेपर्यंत धूर टाकीवर राहावा. आणि चवड्यांवर परत निघाली.

अका मात्र ताठ बसले होते. कान टवकारलेले.

"ओदिल, पंपाचा आवाज बदलला. घशात काही अडकल्यासारखा घरघरतोय."

"अका, मासे ठीक आहेत अजून."

"मासे सोड. तक्रार कुठून येते ते बघत बसून बावीस वर्षांत एकही बिघाड सापडला नाही. तार हाताला लागली की सापडायचा." ते गुडघ्यांवर सरकत टाकीपाशी गेले. बाही वर करून हात पाण्यात घातला, बुडबुडे सोडणारा दगड चिमटीत धरला आणि तिथून नळी बोटांनी चाचपत उलट निघाले. काठावरून वर, पेटाऱ्यावरून मागे, फळीवर. आईनं मला खुणा करायला सुरुवात केली. तिच्या खुणा एकाच वेळी थांबव आणि सांगू नकोस अशा दोन्ही होत्या, म्हणून मी काहीच केलं नाही. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं.

नळी पंपाशी संपली. अकांचं बोट पंपावरून घसरून शेजारच्या तव्यावर पडलं.

"व्वोय!"

अख्खं अंगण दणाणलं. मांजर रजयांच्या चळतीवरून उडालं. अकांनी बोट तोंडात घातलं, दुसऱ्या हातानं रुमाल ओढून काढला. समोर तवा, तव्यातून धूर, आणि धुराच्या बरोबर मध्ये, हवा ओढत, पंप.

 मग त्यांनी हलकेच पाण्यातला दगड बाहेर काढून माझ्यासमोर धरला. दगडाच्या छिद्रांतून इसरीकचा धूर बारीक बारीक धाग्यांनी बाहेर येत होता.

"ओपा," ते म्हणाले, "इकडे या. तुम्ही टाकी नाही ठेवलीत. चिलीम ठेवलीत. आणि दर आठवड्याला हाकीमला ती ओढायला लावलीत."

आई जवळ आली. तिनं दगडातून येणारा धूर पाहिला, नळी पाहिली, तवा पाहिला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हळू आवाजात, जो मी तिच्याकडून फार कमी वेळा ऐकला आहे, तिनं विचारलं, "म्हणजे माझ्या हातानं गेले ते दोन?"

अकांनी तोंडातून बोट काढलं. बोटावर फोड येत होता. आता बोलण्याची पाळी त्यांची होती, आणि तीन आठवड्यांचा हिशोब चुकता करायला याहून सोपी वेळ नव्हती. बाळाची टोपी हनुवटीपर्यंत ओढणारी सून त्यांना नक्की आठवली असणार. मला तरी आठवली.

"नाही, ओपा," ते म्हणाले. "तुमचा इसरीक घरासाठी आहे, तो जळणारच. पंप फळीवर मी ठेवला. हवा कुठून ओढेल ते मी बघायला हवं होतं. लाइनमननं खांब चुकीच्या जागी रोवला, त्यात फोनवर बोलणाऱ्या बाईचा काय दोष?"

आईला श्वास घ्यायला एवढी फट पुरे झाली.

"तेच तर मी कधीपासून विचारतेय!" ती कडाडली. "पंप तिथे ठेवला कुणी?"

तिनं ते आधी कधीही विचारलं नव्हतं. अकांनी मान खाली घालून गुन्हा कबूल केला. त्या संध्याकाळी आम्ही पंप बाहेर ओट्यावर नेला, चौकटीला भोक पाडून लांब नळी आत सोडली आणि पंपावर जुनी किटली पालथी घातली. अर्ध्याहून जास्त पाणी बदललं. आईनं अकांच्या बोटाला कांद्याचा रस लावला आणि पिलाव केला. निदान आधी झालेलं होतं, हे तिनं लक्षात घेतलं नाही आणि अकांनीही आठवण करून दिली नाही.

शुक्रवारी सकाळी हाकीम एका लालला कोपऱ्यात दाबत होता.

पण खरी परीक्षा रविवारी होती. मासे बरे झाले, तरी बशोरत खोलांच्या तोंडून गेलेली गोष्ट परत आणायची कशी? माझी आई शब्द मागे घेत नाही. लग्नात मिळालेली चुकीच्या रंगाची रजईही तिनं तीस वर्षं परत केलेली नाही. आणि इसरीकमुळे मासे मेले असं अठरा बायकांसमोर ती सांगेल, ही आशा मी केली नव्हती. अका रविवारी बाजारात गेले नाहीत. माझ्या दुकानात येऊन बसले आणि गरम चहा थंड होईपर्यंत बघत राहिले.

"तू जा," ते म्हणाले. "ताट पोचवायच्या निमित्तानं जा. दारातून ऐक."

मी गेलो. पुरुषांनी आत जायचं नसतं, पण पिलावाचं ताट जड असतं आणि दारापाशी जरा टेकवावंच लागतं. आत अठरा बायका टाकीभोवती.

"काय गं मुकद्दस, हे तर छान पोहतायत!" एक म्हणाली.

बशोरत खोला पुढे सरसावल्या. "मग हमदमच्या नजरेचं काय झालं? तूच म्हणाली होतीस की भार आहे म्हणून. माझी सून त्याला गल्लीत पाहून दार लावते."

 आत चमचे थांबले. मी ताट धरून उभा, हात भरून आलेले.

"हमदमची नजर?" आईचा आवाज आला, पूर्ण जोरात. "बाई गं, त्याला नजर असती तर लागली असती ना! टाकीमागे हा एवढा तवा धुमसत होता. खोलीभर धूर. कुत्र्यालाही कळलं असतं. तर याला दिसलाच नाही! बोट घालून भाजून घेतलं. मी स्वतः कांदा लावला. जवळजवळ आंधळा आहे तो. माशांची तब्येत पण तो पाणी चाखून ओळखतो, बघून नाही. त्याच्या नजरेची भीती वाटते तुझ्या सुनेला? मग माझ्या उशीच्या खोळीचीही वाटू दे, तिलाही तेवढंच दिसतं!"

बायका हसल्या ते बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल. रुमाल डोळ्यांवर होता ही बारीक गोष्ट आईनं सांगितली नाही. मीही ताट ठेवलं आणि पळालो.

दुकानात आल्यावर मी अकांना जसंच्या तसं सांगितलं. ते आधी आनंदले, मग त्यांना सगळं नीट उमजलं.

"आंधळा?" ते म्हणाले. "मी खांबावरून तीन गल्ल्या पलीकडची तुटलेली तार बघायचो!"

"अका, नजर लावणारा की नजर नसलेला, यातलं एक निवडा."

त्यांनी फोडाकडे पाहिलं. विचार केला. तेवढ्यात दुकानाच्या काचेवर कुणीतरी टकटक केलं. बशोरत खोला होत्या. त्यांच्या मागे तीच नानवाल्याच्या रांगेतली सून, खांद्यावर तेच बाळ, टोपी जागच्या जागी.

"हमदमजोन," खोला गोड आवाजात म्हणाल्या, "आम्हालाही चार मासे हवे होते. घरी येऊन टाकी कुठे ठेवायची ते सांगशील? म्हणजे... चाचपून सांगशील?"

अका स्टुलावरून उठले. एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर बावीस वर्षांच्या डोळ्यांचा अभिमान लढताना मला दिसला. मग बाळानं त्यांच्याकडे बघून जीभ काढली.

अकांनी दोन्ही हात पुढे केले आणि काउंटरच्या कडेला ठरवून गुडघा आपटला.

"अगं बाई, सांभाळून!" खोलांनी त्यांचा दंड धरला. "इथे पायरी आहे, हमदमजोन. उचल पाय. हं. आता दुसरा."

"देव तुमचं भलं करो, खोला," अका खोल आवाजात म्हणाले. "पायऱ्या आता धूसरच दिसतात."

सुनेनं बाळ त्यांच्या अगदी तोंडाजवळ नेलं, बिचाऱ्या म्हाताऱ्याला जरा दिसावं म्हणून. अकांनी बाळाचा गाल चाचपला, आणि बायका पुढे वळताच मान मागे करून मला डोळा मारला.